‘नेमकं काय हवंय ते सांगा’: ऑटिझम आणि नैराश्य असताना नोकरीत सोयी कशा मागाव्यात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजून घेण्यात चूक झाली असेल तर लगेच दिसेल. चिंता आणि नैराश्याचे उपचार बरीच वर्षं चालू होते, ऑटिझमचं निदान मात्र वयाच्या चौतिसाव्या वर्षी झालं. काम आकडेवारी तपासण्याचं, बसायची जागा मोठ्या मोकळ्या हॉलमध्ये. निदान कळवल्यावर मॅनेजर आपुलकीने म्हणाले, ‘काय लागेल ते सांगा,’ आणि तुम्हाला त्या क्षणी एक शब्द सुचला नाही. मग एका रात्री बसून अकरा मागण्यांचा ईमेल पाठवलात. एचआरचं उत्तर आलं: डॉक्टरांचं पत्र आणा आणि नेमकं सांगा. शेवटी मिळालं काय, तर हेडफोन आणि ताणमुक्तीच्या सत्राचं आमंत्रण. हेडफोनचा उपयोग होत नाही, आजारपणाच्या रजा वाढताहेत. आता किती सांगायचं, कसं मागायचं आणि आधी लांब रजा घ्यावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

यात ‘किती सांगायचं’ हा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो, पण अडलंय ते दुसरीकडे. तुमच्या ईमेलमध्ये तुम्ही स्वतःचं वर्णन केलंय: आवाज सहन होत नाही, अचानक बदल झाला की गडबडायला होतं, लोकांशी बोलून थकवा येतो. हे सगळं खरं आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून उद्या सकाळी काय बदलायचं ते कळत नाही. आपण निदान सांगतो, तेव्हा समोरच्याने त्यावरून उपाय ओळखावा अशी आपली अपेक्षा असते. तो ओळखू शकत नाही, कारण एकच निदान असलेल्या दोन माणसांना अगदी उलट गोष्टी लागू शकतात. एकाला शांत खोली हवी असते, दुसऱ्याला त्याच खोलीत एकटं बसून विचारांचं चक्र सुरू होतं. म्हणून मागणी कामाच्या भाषेत मांडावी लागते: कोणत्या परिस्थितीत, कोणतं काम, कसं अडतं आणि काय बदललं तर ते होईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. नोकरी कायम आहे की परिवीक्षेत (प्रोबेशनवर), कंपनीत दहा माणसं आहेत की दहा हजार, मॅनेजर टिकणारे आहेत की सहा महिन्यांनी बदलणारे, आणि तुम्ही आत्ता किती थकलेले आहात, यावर पावलांचा क्रम बदलतो. कायदाही देशागणिक वेगळा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराने वाजवी सोय, म्हणजे गरजेचा आणि समोरच्याला झेपणारा बदल, नाकारणं हाच एक भेदभाव मानला आहे आणि बहुतेक देशांचे कायदे त्याच वाटेने जातात. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत ऑटिझम आणि मानसिक आजार दोन्ही आहेत. सोयी पुरवण्याची थेट सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे, तर समान संधी धोरण जाहीर करण्याची जबाबदारी खासगी आस्थापनांवरही आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात निदानाच्या नावापेक्षा रोजच्या जगण्यावर होणारा मोठा आणि दीर्घकाळचा परिणाम बघतात. अमेरिकेचा १९९० चा कायदा १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. सगळीकडे साधारण समान धागा एकच: काम करण्याची पद्धत बदलून मागता येते, कामाचा गाभा काढून टाका असं सहसा मागता येत नाही, आणि सोय मालकाला झेपणारी असावी लागते. म्हणून स्वतःचं जॉब डिस्क्रिप्शन समोर ठेवूनच मागणी लिहा.

आता हेडफोन का फसले ते बघू, कारण त्यात पुढची सगळी पद्धत आहे. आवाज कापणारे हेडफोन सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चांगले चालतात: एसीची घरघर, पंखा, इंजिन. माणसाचं बोलणं, खुर्ची सरकणं, फोनची रिंग हे आवाज त्यातून बरेचसे येतातच. उलट मागची घरघर गेल्यामुळे शेजारच्याचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं, आणि अर्थ कळणारा आवाज मेंदूला बाजूला ठेवता येत नाही. काहींना हेडफोनचा कानावरचा दाबही सहन होत नाही. म्हणजे ‘आवाज’ या नावाखाली तुमची अडचण प्रत्यक्षात बोलण्याची होती आणि मिळालेला उपाय घरघरीचा होता. बोलण्यावर उपाय म्हणजे अंतर, भिंत आणि वेळ: हॉलच्या टोकाची, मागे भिंत असलेली जागा, दार, प्रिंटर आणि चहाच्या कोपऱ्यापासून लांब, एकाग्रतेच्या कामासाठी रोज ठरलेले दोन तास बंद खोली, किंवा आठवड्यातले ठरावीक दिवस घरून काम. हेडफोन वापरायचेच असतील तर आत फोमचे इअरप्लग आणि वर पावसासारखा सलग आवाज हे जोडीने चांगलं चालतं.

उजेडाचंही असंच आहे. जुन्या चोकच्या ट्यूब वीजप्रवाहाच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, लुकलुकतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, काहींना त्यातून डोकेदुखी आणि डोळ्यांवर ताण येतो. अशा वेळी ‘उजेड कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘डोक्यावरची ट्यूब बंद करून टेबलावर दिवा द्या’ हे मागणं सोपं, स्वस्त आणि लगेच होणारं आहे. मात्र काही स्वस्त एलईडी आणि मंद केलेले दिवेही लुकलुकतात, तेव्हा दिवा आधी दोन दिवस वापरून बघा.

नेमकी अडचण कळण्यासाठी नोंद ठेवावी लागेल. कामाचे दहा दिवस पुरेत. इथे एक अडचण येते जी सर्वसाधारण सल्ल्यात कुणी लक्षात घेत नाही. ऑटिस्टिक प्रौढांपैकी साधारण निम्म्यांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि शब्दांत सांगणं अवघड जातं. भूक, तहान, थकवा यांचे शरीराचे इशारेही बऱ्याच जणांना उशिरा कळतात. त्यामुळे ‘आज मला कसं वाटलं’ अशी डायरी रिकामी राहते किंवा तिच्यात रोज ‘ठीक’ लिहिलं जातं. म्हणून भावना लिहू नका, दिसणाऱ्या गोष्टी लिहा. दिवसातून तीनदा, मोबाईलच्या गजराने, दोन मिनिटांत: कुठे बसलो होतो, कोणतं काम हाती होतं, त्याआधीच्या तासात काय घडलं, काम किती झालं, जेवण-पाणी झालं का, डोकं-पोट दुखतंय का. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद फार कामाची नसते, कारण दिवसाच्या शेवटच्या तासाचा रंग सगळ्या दिवसाला लागतो.

त्या नोंदीत एक रकाना मी आग्रहाने ठेवायला सांगते: पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. मीटिंग अर्ध्या तासाची होती आणि त्यानंतर दीड तास काहीच झालं नाही, तर त्या मीटिंगची खरी किंमत दोन तास आहे. अख्खा शनिवार झोपण्यात गेला, तर तोही आठवड्याचा खर्च आहे. मॅनेजरला तुमचा त्रास दिसत नाही, कारण तुम्ही वर्षानुवर्षं तो झाकायला शिकलेले आहात. हे झाकणं, ज्याला मास्किंग म्हणतात, चिंता, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांशी जोडलेलं असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. ऑफिसात चेहरा नीट आणि घरी आल्यावर बोलताही येत नाही, हा नमुना नोंदीतून समोर आला तर तुमच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. तुमच्याकडे दोन प्रकारच्या अडचणी एकत्र आहेत आणि त्यांच्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या सोयी अनेकदा एकमेकींच्या विरोधात जातात. मानसिक आरोग्यासाठीच्या नेहमीच्या सोयी बिगर-ऑटिस्टिक माणूस डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेल्या असतात. ‘जमेल तेव्हा या, जमेल तेव्हा जा’ ही सवलत नैराश्यातल्या माणसाला दिलासा वाटते. ऑटिस्टिक माणसाचा मात्र दिवसाचा सांगाडाच निघून जातो आणि रोज सकाळी एक नवा निर्णय अंगावर येतो. तुम्हाला लवचीकता हवीच असेल तर ती ठरलेली मागा: रोज १० ते ६, औषध बदलल्यानंतरचे पहिले चार आठवडे ११ ते ७. ‘अधूनमधून विचारपूस करू’ हेही तसंच. टेबलापाशी अचानक थांबून ‘बरं आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असतं आणि पुढचा अर्धा तास काम तुटतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, पंधरा मिनिटं आणि दर वेळी तेच तीन प्रश्न: या आठवड्यात काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय बदलणार आहे, कोणतं काम आधी करायचं.

कामाचा भार कमी करण्याबाबत तर मी फार सावध असते. नैराश्यात माणूस दमलेला दिसतो म्हणून मॅनेजर त्याच्याकडचं अवघड, आवडतं काम काढून घेतात आणि किरकोळ, विखुरलेली, दहा जणांशी बोलावं लागणारी कामं देतात. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष बहुधा एका वेळी एकाच गोष्टीत खोल जातं. खोल काम त्याला सावरतं, आणि सतत एकातून दुसऱ्यात उडी मारायला लागणं हेच त्याला दमवतं. अशा वेळी भार हलका होतो, पण माणूस आणखी खचतो. तुमच्या नोंदीत तपासणीच्या सलग कामानंतरचे तास बरे दिसत असतील तर स्पष्ट लिहा: ‘तपासणीचं काम माझ्याकडेच ठेवावं, फोनवरचा पाठपुरावा कमी करावा.’ ताणमुक्तीचं सत्र वीस अनोळखी लोकांबरोबर, डोळे मिटून, मोठ्या आवाजातल्या संगीतात होणार असेल तर ते नम्रपणे नाकारायला हरकत नाही. ते नाकारलं म्हणजे मदत नाकारली असा अर्थ होऊ नये म्हणून त्याच ओळीत तुम्हाला काय चालेल तेही लिहा, उदाहरणार्थ त्या वेळात समुपदेशकाची ठरलेली भेट.

आणखी एक फरक ओळखून ठेवा. ऑटिस्टिक बर्नआउट आणि नैराश्य बाहेरून सारखे दिसतात. बर्नआउटमध्ये बहुधा दीर्घकाळचा थकवा, आधी जमणाऱ्या गोष्टी न जमणं आणि आवाज-उजेडाची सहनशक्ती घटणं एकत्र दिसतं. आवडीच्या विषयातली ओढ मात्र बऱ्याचदा शिल्लक असते, फक्त ताकद नसते. नैराश्यात ती ओढच विझते. दोन्ही एकत्रही असतात, त्यामुळे हा निवाडा स्वतः करू नका. पण डॉक्टरांना हे वर्णन द्या, कारण उपचाराची दिशा त्यावर बदलू शकते. नैराश्यात ‘बाहेर पडा, लोकांत मिसळा, हालचाल वाढवा’ असं सांगतात. बर्नआउटमधल्या माणसाला तोच सल्ला आणखी दमवू शकतो.

औषधांकडेही कामाच्या नजरेने बघा. नैराश्याच्या अनेक औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात येऊ शकतात. रात्री घ्यायच्या काही औषधांनी सकाळी गुंगी राहते. अशा वेळी सकाळची पहिली मीटिंग पुढे ढकलणं ही छोटी, वेळेपुरती आणि सहज मान्य होणारी मागणी असते. औषधाचं नाव एचआरला सांगायची गरज नाही. औषध घेण्याची वेळ बदलायची असेल तर ती आधी डॉक्टरांना विचारूनच.

मग मागायचं काय आणि किती? अकरा मागण्या एका दमात वाचल्या की वाचणारा त्यातली सगळ्यात सोपी उचलतो आणि काम झालं असं समजतो. तुमच्या बाबतीत हेच घडलं. तीन मागा, फार तर पाच. नोंदीत ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त तास खाल्ले ती पहिली. बहुतेक वेळा पहिल्या तिघांत एक जागेची किंवा आवाजाची, एक सूचनांची आणि एक अचानक बदलांची असते.

सूचनांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडतो. ‘सूचना लेखी द्या’ एवढंच लिहिलं तर तुम्हाला ‘ते जरा बघून घ्या’ असा लेखी मेसेज येईल. म्हणून लेखी सूचनेत काय हवं ते सांगा: काम कोणतं, कुठल्या स्वरूपात द्यायचं, कधीपर्यंत, किती बारकाईने, आणि दोन कामं एकाच वेळी आली तर आधी कोणतं. मॅनेजरना रोज असं लिहायला वेळ नसेल, तर उलट करा. तोंडी सूचना मिळाली की दहा मिनिटांत तुम्ही चार ओळींचा मेसेज पाठवा आणि ‘बरोबर असेल तर फक्त हो कळवा’ असं म्हणा. हे मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, कारण समोरच्याचं काम एका शब्दावर येतं. ‘हे कसं झालं’ याबद्दलही असंच: कौतुक किंवा चूक, दोन्ही उदाहरणासकट आणि शक्यतो लेखी. मोघम नाराजीवर चिंतेने पोखरलेलं मन रात्रभर अर्थ लावत बसतं.

मीटिंगसाठी विषयपत्रिका एक दिवस आधी, कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा आणि ज्याचं उत्तर तिथे सुचलं नाही ते दुसऱ्या दिवसापर्यंत लेखी देण्याची सोय मागा. बदलांबाबत ‘बदल नकोत’ असं मागू नका, ते कुणालाच पाळता येत नाही. ‘जागा, वेळ किंवा कामाचा क्रम बदलणार असेल तर कळलं की त्याच दिवशी मेसेज करा, कारण माहीत नसलं तरी’ हे पाळता येतं. आणि उठून जाण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवा: ताण भरून आला की कुणाला न विचारता दहा-पंधरा मिनिटं ठरलेल्या शांत जागी जाता यावं. ऐन वेळी परवानगी मागायची असेल तर शब्दच फुटत नाहीत. म्हणून एक ठरलेला छोटा मेसेज किंवा टेबलावरचं कार्ड पुरेसं धरावं असं लिहून घ्या.

आता किती सांगायचं. एचआरला तीन गोष्टी कळणं पुरेसं असतं: तुम्हाला दीर्घकाळची स्थिती आहे, तिचा कामावर अमुक परिणाम होतो, आणि अमुक बदल लागतो. ऑटिझम तुम्ही आधीच सांगितलाय. नैराश्याचा इतिहास, बालपण, पूर्वीची आजारपणं, आत्महत्येचे विचार हे कंपनीच्या फाईलमध्ये जायची गरज नाही. मानसिक आजाराशी थेट जोडलेली मागणी असेल, जसं की दर बुधवारी उपचारासाठी दोन तास, तर ‘चालू उपचारांसाठी’ एवढा उल्लेख बहुतेक ठिकाणी चालतो. त्याहून जास्त सांगावं लागतं ते रजांचं कारण द्यावं लागतं तेव्हा किंवा कायद्याचा आधार मागताना. तेव्हाही डॉक्टरांच्या शब्दांत आणि गरजेपुरतंच. सहकाऱ्यांना कारण सांगायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. एचआरला लेखी विचारा की ही माहिती कोण कोण वाचणार.

डॉक्टरांच्या पत्रात नेहमी एकच चूक होते: ‘यांना ऑटिझम व चिंताविकार आहे, सहकार्य करावे.’ अशा पत्राने एचआरला काहीच ठरवता येत नाही. डॉक्टरांना तुमच्या कामाची माहिती नसते, म्हणून मसुदा तुम्हीच न्या, अर्ध्या पानाचा. त्यात स्थिती दीर्घकाळची आहे हे, दोन-तीन कार्यात्मक मर्यादा (म्हणजे स्थितीमुळे कामातलं नेमकं काय अडतं) आणि तुमच्या मागण्या त्या मर्यादांशी कशा जुळतात हे असावं. डॉक्टर त्यांच्या मतानुसार बदलतील आणि सही करतील. मानसोपचारतज्ज्ञ हे लिहायला कचरत असतील तर व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) किंवा निदान करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना विचारा. जागा, उजेड, कामाचा क्रम हे व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या रोजच्या विषयातलं आहे.

मागणी कशी दिसावी त्याचा एक नमुना देते, आकडे तुमच्या नोंदीतले घाला: ‘शेजारी फोनवर बोलणं चालू असताना आकड्यांची तपासणी मध्येच तुटते आणि पहिल्यापासून करावी लागते. गेल्या दहा दिवसांत एक तक्ता सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सुमारे ५० मिनिटांत तपासून झाला, दुपारी त्यालाच दोन तास लागले. विनंती: मंगळवार व गुरुवारी घरून काम, आणि इतर दिवशी खिडकीकडची शेवटची जागा. सहा आठवडे असं करून पाहू. तपासणीला लागणारा वेळ आणि परत आलेल्या चुका यांवरून पुढचं ठरवू.’ यात त्रास आहे, पण तो कामातून दिसतो. उपायही आहे आणि तो तपासायचा कसा तेही. मॅनेजरला हे वरिष्ठांकडे जसंच्या तसं पाठवता येतं, आणि मंजुरी मिळण्यात याचा मोठा वाटा असतो.

यावर मीटिंग बोलावली जाईल. प्रश्न आधी लेखी मागा. बरोबर एक विश्वासाचा माणूस किंवा युनियनचा प्रतिनिधी आणता येईल का ते विचारा. स्वतःचं पान छापून न्या आणि शब्द सुचेनासे झाले तर ते सरळ वाचून दाखवा. तिथल्या तिथे नव्या प्रस्तावाला हो म्हणू नका. दबावाखाली हो म्हणणं ही मास्किंगची जुनी सवय असते आणि नंतर ते हो तुमच्या नावावर राहतं. ‘उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवेन’ हे वाक्य आधीच पाठ करून जा. मीटिंगनंतर काय ठरलं त्याचा ईमेल त्याच दिवशी तुमच्याकडून जावा.

सोयी मंजूर झाल्यावरही त्या हळूहळू विरतात, आणि बहुतेक वेळा कुणाच्या वाईट हेतूने नव्हे. मॅनेजर बदलतात आणि तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर जातं. जागांची फेररचना होते. किंवा तुम्ही बरे दिसू लागता आणि ‘आता गरज नाही ना?’ असा प्रश्न येतो. चष्मा लावल्यावर नीट दिसतं म्हणून कुणी चष्मा काढून घेत नाही, तसंच हे आहे, आणि एवढ्याच शब्दांत सांगितलेलं लोकांना पटतं. म्हणून एका पानावर सगळ्या सोयी, मंजुरीची तारीख, सही आणि पुढच्या आढाव्याची तारीख लिहून घ्या. मॅनेजर बदलले की पहिल्या आठवड्यात ते पान त्यांच्या हाती द्या. चाचणीच्या सहा आठवड्यांत स्वतःला सिद्ध करण्यासाठी रात्री जागून जास्त काम करू नका. आकडे चांगले येतील, पण ते सोयीचे नसतील, तुमच्या झोपेचे असतील, आणि सातव्या आठवड्यात तुम्ही कोसळाल.

नकार आला तर पहिलं काम: कारण लेखी मागणं. ‘धोरणात बसत नाही’ हे कारण अपुरं आहे. कोणत्या कामाला बाधा येते, खर्च किती, पर्याय कोणता तपासला, हे विचारा. घरून काम नाकारलं तर बंद खोलीचे तास, तेही नाही तर कामाची वेळ दोन तास अलीकडे, असे पर्याय तुमच्या हाताशी तयार हवेत. त्यानंतर अंतर्गत तक्रारीची वाट, आणि मग कायद्याची. तक्रारीला अनेक ठिकाणी मुदत असते, तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

राहिला रजेचा प्रश्न. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांशी किंवा तुमच्याकडच्या तातडीच्या मदतीशी बोला. मागण्यांचा ईमेल नंतर कधीही लिहिता येतो. तसं नसेल, पण नोंद ठेवण्याइतकीही ताकद नसेल, तर रजा आधी घ्या. फक्त परतण्यापूर्वी जागा आणि लेखी सूचना या दोन गोष्टी ठरलेल्या असू द्या. नाहीतर विश्रांतीने साठवलेली ताकद त्याच खुर्चीत पंधरा दिवसांत संपते. परतणंही टप्प्याटप्प्याने आणि आकड्यांत ठरवा: पहिले दोन आठवडे तीन दिवस, रोज चार तास, पुढचे दोन आठवडे तेच तीन दिवस, रोज सहा तास, मग चौथा दिवस. एका वेळी दिवस वाढवा किंवा तास, दोन्ही नाही. प्रवासाचा वेळही थकव्यात धरा. आणि पहिल्या दिवसासाठी एकच छोटं, तुम्हाला पूर्ण येणारं, लेखी दिलेलं काम मागून ठेवा. परतल्यावर सकाळी काय करायचं हे आदल्या रात्री माहीत असलं की तो दिवस पार पडणं बरंच सोपं जातं.